न फुटलेलं कबूतर

मी एक जुनं मातीचं कबूतर आहे. मित्रांनो, हसू नका. मला पंख नाहीत, चोच नाही, डोळे तर नाहीतच. तळहाताएवढं गोल अंग, वरून फुगीर, आतून पोकळ. मला पाहून कोणालाही बशीच आठवेल. नेमबाजीच्या खेळात यंत्र मला हवेत भिरकावतं, आणि बंदूकवाल्यानं मला उडता उडता फोडायचं असतं. माझा जन्म फुटण्यासाठी झाला आणि मी फुटलो नाही. माझी कर्तबगारी म्हणाल तर एवढीच. बाकी सगळं आयुष्य मी एकच काम मन लावून केलं. ते म्हणजे दुसऱ्यांवर जळणं.

पेण गावात गुणाजींचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे पौष महिन्यात माझा जन्म झाला. गुणाजींची एक रीत आहे. वर्षाची नवी माती मळली की तिचा पहिला गोळा घरच्या बाप्पासाठी काढायचा, मग गिऱ्हाइकांच्या मूर्ती. त्या वर्षी तो पहिला गोळा जरा मोठाच निघाला. गुणाजींनी त्याचे तारेने दोन भाग केले. एका भागातून बाप्पाचं पोट घडलं. दुसऱ्या भागातून मी घडलो. एका गोळ्याचे आम्ही दोघे सख्खे भाऊ. तो देव झाला आणि मी ताटली. सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

आता मूर्तिकाराला ताटल्या करायची वेळ का आली, तेही सांगतो. गुणाजींची मुलगी ऋतुजा अकरावीत होती. शाळेच्या एन.सी.सी.त तिचा नेम पाहून तिचे इतिहासाचे शिक्षक रघुनाथ सर चकित झाले होते. निवृत्तीनंतर सरांनी आपल्या गावाला, रोह्याच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या माळावर, रीतसर परवानग्या काढून छोटंसं नेमबाजीचं मैदान केलं. ऋतुजा दर रविवारी पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटी पकडून तिथे जायची. सरांनी तिला सांगून ठेवलं होतं, "पंचवीसपैकी अठरा ताटल्या फोडून दाखव. राज्याच्या स्पर्धेला तुझं नाव पाठवतो." नाव पाठवायची मुदत दीड-दोन महिन्यांवर आली होती, आणि नेमक्या सरावाच्या ताटल्या संपल्या. बाहेरून मागवलेली खोकी आली, पण हायवेच्या खड्ड्यांतून येता येता आतल्या निम्म्याहून जास्त ताटल्यांचा चुरा झाला होता.

ऋतुजानं घरी येऊन तो चुरा दाखवला. गुणाजी हसले.

"ह्या असल्या करतात व्हय? माझ्या मूर्ती बोटीत बसून परदेशी जातात. कानाचा टवका उडत नाय. मी देतो गो तुला करून."

पुढच्याच रविवारी ते लेकीबरोबर रोह्याला गेले आणि खोक्यातली एक धड ताटली साच्यासाठी मागून घेतली. हातात उलटसुलट फिरवत त्यांनी सरांना विचारलं, "मास्तर, ह्याला क्ले पिजन म्हणतात म्हंजे मातीचं कबूतरच ना? मग कबूतर कुठं हाय ह्याच्यात?"

सरांना असं कोणी विचारलं की त्यांच्यातला मास्तर जागा होतो. ते माळावरच्या दगडावर बसले आणि सांगू लागले. "पूर्वी इंग्लंडात खरीच कबुतरं असायची, गुणाजीराव. पेटीत कबूतर कोंडायचं. दोरी ओढली की पेटी उघडायची, कबूतर उडायचं आणि समोरचा बार टाकायचा. ती पेटी म्हणजे ट्रॅप. म्हणून आजही ह्या खेळाला ट्रॅपच म्हणतात. पुढे लोकांना त्या मुक्या जिवांची कणव आली, आणि कबुतरंही पुरेनाशी झाली. मग काचेचे गोळे उडवू लागले. काहीजण तर त्यात पिसं भरायचे, गोळा फुटला की पक्षी मारल्यासारखं वाटावं म्हणून. त्यानंतर कोणाला तरी भाजलेल्या मातीची ताटली सुचली. पाखरू सुटलं, पण नाव सुटलं नाही."

"म्हंजे हे पाखराच्या बदली मरतं," गुणाजी म्हणाले.

मित्रांनो, हे बोलणं त्यांनी कारखान्यात साचे भरता भरता आपल्या बायकोला, सरूबाईंना, जसंच्या तसं सांगितलं. मी तेव्हा साच्यात होतो. माझं नाव मला कसं मिळालं, ते मला तिथेच ओलं असताना कळलं. आमच्या कारखान्याच्या पत्र्याखाली पारवे बसायचे. दिवसभर घुमायचे, दाणे टिपायचे आणि वाळत घातलेल्या मूर्तींवर घाण करायचे. सरूबाई काठी घेऊन मागे लागल्या की भुर्रकन उडून जायचे. त्यांच्या जागी मी मरायचं, आणि ह्यांना त्याची गंधवार्ताही नाही! नाव त्यांचं, आकाश त्यांचं, छर्रे माझे. भावाच्या आधी मी त्या पारव्यांवर जळायला शिकलो.

गुणाजींनी मला घडवलं मात्र अगदी जिवापाड. मातीला तडा जाऊ नये म्हणून त्यांचे वडील तिच्यात पिंजलेला कापूस मळायचे. गुणाजींनी तोच कापूस माझ्या अंगात मळला. साच्यातून काढल्यावर ओल्या बोटानं कड पुसली. ऊन लागू दिलं नाही, पाच दिवस सावलीत वाळवलं, रोज सकाळी पालथं केलं. मूर्तीच्या बुडाशी गिऱ्हाइकाचा आकडा कोरतात तसा खिळ्यानं माझ्या आत आकडा कोरला. पंचाहत्तर. मी शेवटचा होतो. गुणाजींनी माझ्यावर टिचकी मारली. मी टणकन वाजलो.

"बघ सरू, कशी वाजते. आता जाऊ दे कुठल्या पन रस्त्यानं."

मित्रांनो, चूक इथेच झाली होती. पण ज्याची सगळी हयात एकही मूर्ती भंगू नये ह्या धास्तीत गेली, त्याच्या हातांना ती कशी कळावी? मलाही कळली नाही. मी फुशारलो होतो. समोरच्या पाटावर माझा भाऊ बसला होता. त्याला आता सोंड आली होती, हात आले होते. सरूबाई येता-जाता त्याच्याकडे बघून पुटपुटायच्या, "ह्याचे डोळे मी निवांत आखीन." पेणमध्ये डोळ्यांची आखणी सगळ्यांना जमत नाही. सरूबाईंची कुंचल्याची एक रेघ पडली की मूर्ती आपल्याकडे बघू लागते. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाच पाहिलं आणि ऋतुजाला म्हणाल्या, "ह्यांना कशाला गो डोळे? फुटायचंच हाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमचं पाऊणशे जणांचं बिऱ्हाड भाताच्या पेंढ्यात बसून एसटीनं रोह्याला निघालं. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, सगळे खड्डे झाले. एकालाही तडा गेला नाही. सरांनी गुणाजींचं तोंडभरून कौतुक केलं.

पहिल्या रविवारी एक ते पंचवीस उडाले. ऋतुजा बंदूक खांद्याला लावायची, "पुल!" म्हणून ताटली सोडायची हाक द्यायची, यंत्राचा हात फिरायचा आणि माझा एकेक भाऊ डोंगराच्या दिशेनं सुटायचा. बार वाजायचा. ताटलीवरून धुळीचा बारीकसा फुत्कार उठायचा आणि ती तशीच्या तशी पुढे जाऊन शेजारच्या शेतात पडायची. सर तिच्या मागे उभे राहून म्हणायचे, "गेली."

"सर, धूळ उडाली!"

"धुळीला मार्क नाहीत, ऋतुजा. तुकडा उडालेला दिसला तरच लागली. नुसती धूळ म्हणजे कडेला एखादा छर्रा चाटून गेला. तू मागे राहतेयस. नेम आणखी पुढे धर."

पंचवीसपैकी सहा फुटल्या. दुसऱ्या रविवारी सरांनी तिची उभं राहायची पद्धत बदलली, नेम पुढे धरायला लावला. चार फुटल्या. सर रागीट नव्हते. पण चांगल्या मनाचा माणूस चुकीचं शिकवत असला की त्याच्याशी भांडताही येत नाही. तिसऱ्या रविवारी ऋतुजाचा चेहरा एवढासा झाला होता. चोवीस ताटल्या उडाल्या, दोन फुटल्या. उरलो होतो मी.

मला यंत्रावर ठेवताना तिनं माझ्या आतला आकडा वाचला. "पंचाहत्तर," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं पाय हलवले. सरांनी शिकवलेले नव्हे, स्वतःचे, पूर्वीचे. खांदे सैल सोडले.

"पुल!"

मित्रांनो, त्या दोन सेकंदांत मी खरोखरचं कबूतर होतो. खाली माळ, समोर डोंगर आणि अंगाखाली वारा. पारव्यांचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला नाही. मग बार झाला. छर्रे येऊन थेट माझ्या पाठीत घुसले. मूठभर छर्रे, अगदी मधोमध! ह्याहून चोख नेम कोणाचा असेल? मी फुटायला सगळा जीव एकवटला. पण अंगातल्या कापसानं मला घट्ट धरून ठेवलं. थोडी धूळ उडाली, एवढंच. मी तसाच पुढे जाऊन शेतातल्या पेंढ्याच्या ढिगात पडलो.

मागून सरांचा आवाज आला, "गेली."

आणि मग ऋतुजाचा. "मला नाय जमत सर. माझं नाव नका पाठवू."

ती पेंढ्याच्या ढिगाजवळून एसटीकडे गेली. मी ओरडून सांगत होतो की अगं, लागलाय तुझा नेम, मला उलटं करून बघ! पण मातीला तोंड कुठे असतं? त्या दिवशी मी फुटलेल्या बारा भावांवर जळलो. ते तुकडे होऊन माळावर पडले होते, पण त्यांनी आपल्या पोरीला खोटं पाडलं नव्हतं.

पेंढा होता केरू शेतकऱ्याचा. त्याच्या शेतात आमच्यापैकी कितीतरी जण येऊन पडले होते. तो कुरकुरत एकेकाला वेचून पाटीत टाकायचा. त्याची बायको शांती मात्र मला बघून म्हणाली, "ही चांगली दणकट हाय. मिठाला होईल." माझ्या पाठीला दोन आरपार भोकं पडली होती. ती तिनं शिळ्या भाताची शितं दाबून बुजवली आणि माझ्यात खडेमीठ भरलं. अशी मी नोकरी धरली. चुलीजवळच्या कोनाड्यात माझ्या एका बाजूला वालाचं गाडगं, दुसऱ्या बाजूला तेलाची बरणी. पेणमध्ये माझा भाऊ तेव्हा रंगाला लागला असणार, ह्या विचारानं मला मीठ अधिकच झोंबायचं.

पंधरा दिवस गेले. वालाच्या शेंगा भरल्या आणि सरांच्या माळावर दरवर्षीप्रमाणे पोपटी लागली. पोपटी म्हणजे आमच्या भागातली हिवाळ्यातली मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा पेटवायचा. शेंगा केरूच्या शेतातल्या असल्यामुळे केरू आणि शांती होतेच. शांतीनं अंड्यांबरोबर लागेल म्हणून मीठ आणलं, म्हणजे पर्यायानं मलाही आणलं.

उन्हं कलताना गुणाजी आणि ऋतुजा आले. ते पोपटीला आले नव्हते. सरांनी दिलेलं नेमबाजीचं जॅकेट परत करायला आले होते. नाव पाठवायला तेव्हा चारच दिवस उरले होते. ऋतुजा लांब बांधावरच उभी राहिली. सर म्हणाले, "गुणाजीराव, जॅकेटचं राहू दे, दोन शेंगा तरी खा." पंगतीत बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही. गुणाजींनी अंडं सोललं आणि मिठाची चिमूट घ्यायला हात माझ्यात घातला. दुसऱ्या हातानं त्यांनी मला खालून धरलं होतं. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला आणि थांबला.

मूर्तिकाराचा अंगठा तो. अंधारातसुद्धा मातीवरचा केसाएवढा ओरखडा त्याला कळतो.

"वैनी, ही वाटी कुठली?"

"वाटी कसली वो," शांती लाजली. "ती बंदुकीची ताटलीच हाय. आमच्या पेंढ्यात पडतात. टाकवली नाय."

गुणाजींनी मीठ पानावर ओतलं. मला उलटं केलं, उन्हाकडे धरलं. अंडं तसंच पानात राहिलं. त्यांनी माझ्या पाठीवर नख लावून माती खरवडली. आत शिशाचा दाणा चमकला. मग दुसरा, तिसरा. पाच छर्रे कापसात रुतून बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ही गेली म्हणाला होतात तुम्ही?"

सरांनी चष्मा लावला. त्यांनी मला घेतलं आणि आत कोरलेला आकडा वाचला. "पंचाहत्तर."

बांधावरून ऋतुजा धावतच आली. "ती शेवटची! ती मी माझ्या पद्धतीनं मारलेली!"

"असल्या तर माज्याकडं पाटीभर हायत," केरू म्हणाला आणि उठून घरून पाटी घेऊन आला. सगळे पोपटी विसरले. माझे भाऊ एकेक करून पालथे झाले. एक ते पंचवीसमधल्या जेवढ्या सापडल्या, त्या सगळ्यांच्या पाठीत छर्रे होते. पुढच्या आकड्यांच्या, म्हणजे सरांनी पद्धत बदलल्यानंतरच्या, मात्र बऱ्याच कोऱ्या निघाल्या. केरूनं दोन ढीग नीट लावले, त्यांच्याकडे पाहिलं आणि सरळ बोलून मोकळा झाला.

"म्हंजे मास्तर, तुमी शिकवाया लागलात तवापासून पोर चुकाया लागली."

सर खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "ऋतुजा, चूक माझी आहे. मी ताटलीकडे बघत राहिलो. तुझ्याकडे बघायला हवं होतं." मग त्यांनी मला हातात फिरवलं. "मी इतिहास शिकवायचो, आणि इतिहासच विसरलो. पहिल्यांदा भाजलेल्या मातीच्या ताटल्या निघाल्या ना, त्याही अशाच कडक असायच्या. छर्रे लागले की घंटेसारख्या वाजायच्या, पण फुटायच्या नाहीत. लोक वैतागायचे. म्हणून पुढे डांबर आणि चुनखडीची भुकटी घालून ठिसूळ करायला लागले."

"चूक तुमची नाय, मास्तर," गुणाजी म्हणाले. "माज्या हातानं माज्या पोरीला खोटं पाडलं." आणि एवढा मोठा माणूस, शेकडो देव घडवलेला, पानावर डोकं वाकवून रडू लागला. ऋतुजा त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांच्या हातावरचं मीठ पुसलं.

"बाबा, उद्या नवीन करशील? फुटणाऱ्या?"

गुणाजी हो म्हणाले खरे, पण ते सोपं नव्हतं. त्या वेळी मी ऋतुजाच्या पिशवीतून कारखान्यात परतलो होतो, म्हणून मी सगळं पाहिलं. त्यांचा हात आपोआप कापसाकडे जायचा. कड पातळ राहिली की बोट ती जाड करायला धावायचं. सरूबाई बाजूला बसून चिडवायच्या, "जन्मभर फुटू नये म्हणून देव पान्यात घातलेस. आता फुटावी म्हणून घाल." शेवटी सरूबाईंनी कापसाची पिशवी उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. मातीत चाळलेली राख पडली. कड कागदासारखी झाली. वाळत घातलेल्यांपैकी दहा-बारा उचलतानाच मोडल्या, तेव्हा कुठे गुणाजींना पटलं की आता जमलं. ह्या ताटल्या त्यांनी एसटीनं पाठवल्या नाहीत. रिक्षा केली आणि खोकं मांडीवर घेऊन स्वतः रोह्यापर्यंत बसून गेले.

चौथ्या दिवशी ऋतुजानं आपल्या पद्धतीनं पाय रोवले आणि पंचवीसपैकी एकवीस फोडल्या. मला तिनं खिशात ठेवलं होतं. बाहेर फट् फट् फुटणाऱ्यांचा आवाज यायचा. मित्रांनो, खरं सांगू? तिच्यासाठी मला आनंद झाला. आणि त्या फुटणाऱ्यांचा मला इतका हेवा वाटला की तिच्या खिशात बसून मी तडकतो की काय असं झालं.

नाव गेलं. ऋतुजा राज्याच्या स्पर्धेला गेली, पहिल्या वर्षी सातवी आली, दुसऱ्या वर्षी कांस्यपदक. माझी रवानगी घरातल्या फळीवर झाली. सुरुवातीला माझा थाट होता. पाहुणे आले की ऋतुजा मला खाली काढायची. "हीच ती पंचाहत्तर नंबरची." लोक माझ्या छर्ऱ्यांवरून बोट फिरवायचे. पण मग फळीवर पदकं आली, ढाली आल्या, मी त्यांच्या मागे सरकलो. पदकांना चकाकी होती, माझ्यावर धूळ बसली. त्यांच्यावरही मी जळलो, हे वेगळं सांगायला नको.

आणि भाऊ? त्याच्यावर जळणं तर दरवर्षी नव्यानं सुरू व्हायचं. चतुर्थीच्या आधी सरूबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून बसायच्या. एक श्वास रोखून त्याचे डोळे आखायच्या. तो डोळे उघडायचा आणि समोर फळीवर मी. दीड दिवस आरत्या, मोदक, दूर्वा. मग गुणाजी त्याला नदीवर न नेता कारखान्यातल्याच मातीच्या हौदात विसर्जित करायचे. सकाळपर्यंत त्याची मऊ माती व्हायची. पौष आला की तीच माती मळली जायची, आणि पुन्हा तो. नवी सोंड, नवे डोळे. दरवर्षी त्याला नवा जन्म आणि मी आहे तसाच, कोरडा, पाठीत शिसं घेऊन. मला देवपणाचा हेवा वाटतो असं मला आधी वाटायचं. हळूहळू कळलं, मला त्याच्या भिजण्याचा हेवा वाटत होता.

तीन वर्षं झाली. मीठ अंगात मुरलं होतं, त्यानं कड खायला सुरुवात केली. फळीवर माझी भुकटी पडू लागली. ह्या वर्षी विसर्जनाच्या सकाळी सरूबाईंनी फळी पुसायला घेतली.

"ही आता झडते गो. टाकून दे."

"नाय टाकायची," ऋतुजा म्हणाली. ती आता वीस वर्षांची झाली होती. दुसऱ्या दिवशी पुण्याला प्रशिक्षणाला जाणार होती, कायमची. तिची बॅग दारात भरून ठेवली होती. "ही फुटली नाय म्हणून तर मी हाय. बरोबर नेते मी हिला."

गुणाजी ओसरीवर बाप्पापुढची फुलं काढत होते. ते तिथूनच म्हणाले, "ने. पन किती दिवस कोरडी ठेवशील गो तिला? मातीला भिजायचं असतंय."

ऋतुजा मला घेऊन पायरीवर बसली. मग तिनं आईच्या डब्यातली सुई घेतली आणि माझ्या पाठीतले पाचही छर्रे एकेक करून बाहेर काढले. ते तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले, आणि डबी बॅगेत. मी हलका झालो. इतकी वर्षं मी जे वजन मिरवत होतो, ते माझं नव्हतंच. ते तिचं होतं.

"गणपती बाप्पा मोरया," गुणाजींनी भावाला हौदात सोडलं. त्याच्या मागून ऋतुजानं दोन्ही हातांनी, मूर्तीला धरतात तसं धरून, मला पाण्यात सोडलं.

"पौषात मी येईन, बाबा. पहिल्या गोळ्याचे दोन भाग कर. त्या साली केलेस तसे. एक बाप्पाला, एक ताटल्यांना." तिनं ओले हात पुसले. "आणि कापूस काढून टाक. ह्या खेपेला मी हिला फोडणार हाय."

मित्रांनो, हे मी तुम्हाला हौदातून सांगतो आहे. माझ्याकडे आता थोडाच वेळ आहे, म्हणून जे सांगायचं ते सांगून टाकतो. एखाद्याचा नेम चुकला असं म्हणण्याआधी एकदा ताटली उलटी करून बघा. जी माणसं तुमच्यासाठी जीव ओतून काही घडवतात, त्यांची चूक सापडली तर त्यांच्या हातावरचं मीठ पुसा. आणि पत्र्यावर पारवे घुमू लागले की त्यांना दगड मारू नका. त्यांच्या बदल्यात कोणीतरी फुटलेलं असतं.

पाणी माझ्या अंगात शिरतं आहे. कापसाचे धागे सुटून वर तरंगू लागले आहेत. समोर भावाचे डोळे हळूहळू विरत आहेत. त्याची सोंड खाली बसली, माझी कड सुटली. त्याचा एक कण माझ्याकडे आला, माझे दोन त्याच्याकडे गेले. आता ह्यातला त्याचा कोणता आणि माझा कोणता, हे मला शोधूनही सापडत नाही. एवढ्या वर्षांची सवय, म्हणून मी जळायला बघतो आहे. पण आता जळू तरी कोणावर?